तोल सांभाळणारा माणूस : जॉनी वॉकरबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात दिग्दर्शक गुरुदत्तच्या ‘प्यासा’ या हिंदी सिनेमाबद्दल लिहिताना विनोदी नट जॉनी वॉकरने केलेल्या मालिशवाल्यावर चार ओळी आल्या होत्या, आणि तो आयुष्यात दारू प्यायला नाही असंही एक वाक्य होतं. त्या चार ओळींवर इतकी पत्रं आली की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. सारख्या मुद्द्यांची पत्रं एकत्र केली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी बेस्टचा निवृत्त कंडक्टर. बदरुद्दीन जमालुद्दीन काझी ऊर्फ जॉनी वॉकर हाही सिनेमात येण्याआधी बेस्टमध्ये कंडक्टरच होता. त्यामुळे तो मला आमच्यातला वाटतो, आणि लिहिणारही तसंच.

दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या माणसाने पडद्यावर इतका अस्सल बेवडा कसा उभा केला? की ही नुसती पसरवलेली गोष्ट आहे? – एक वाचक, पुणे

गोष्ट खरी आहे. त्याने स्वतः मुलाखतींमधून ती सांगितली आहे. पण ‘कसा’ हा तुमचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, आणि त्याचं उत्तर मला रात्रीच्या शेवटच्या गाडीत सापडतं.

लास्ट बसला चढणारे पिऊन आलेले लोक मी वर्षानुवर्षं पाहिले. नाटकात दाखवतात तसे ते झोकांड्या खात येत नाहीत. पायरीवर पाय ठेवण्याआधी क्षणभर थांबतात, पायरी कुठे आहे ते नीट बघतात, दांडा दोन्ही हातांनी धरतात आणि मग अगदी बेताने चढतात. तिकीट मागताना नको इतके अदबीने बोलतात. चिल्लर तळहातावर घेऊन पुन्हा पुन्हा मोजतात आणि हिशेब चोख देतात. त्यांचा सगळा जोर ‘मी शुद्धीत आहे’ हे दाखवण्यावर असतो. गाडी वळणावर कलली की तेवढ्यापुरतं पितळ उघडं पडतं, आणि पुढच्याच क्षणी माणूस पुन्हा ताठ.

आता जॉनी वॉकरचा कुठलाही बेवडा काढून बघा. तो पडायचा प्रयत्न करत नाही, उभं राहायचा करतो. मान किंचित उशिरा वळते, डोळे समोरच्या माणसावर स्थिरावायला वेळ घेतात, शब्दाचं शेवटचं अक्षर लांबतं, पण चेहऱ्यावर केवढी सभ्यता! म्हणून हसू येतं, आणि त्या माणसाची किळस येत नाही. बाकीचे नट धडपडून हसवतात. हा तोल सावरून हसवतो.

कंडक्टरला तोलाचं शिक्षण फुकट मिळतं हेही लक्षात घ्या. चालत्या गाडीत एका हातात तिकिटांची पेटी, दुसऱ्यात पंच, खांद्याला पैशांची चामडी पिशवी, आणि धरायला हात मोकळा नाही. पाय फाकवून, मांडी सीटच्या कडेला टेकवून उभं राहायचं. ड्रायव्हरने ब्रेक मारला की कंबरेतून जायचं आणि गुडघ्यातून परत यायचं. सुरुवातीचे दिवस पोटऱ्या भरून येतात, मग अंगात भिनतं. जॉनी वॉकरच्या चालण्यातला तो कंबरेतला हलकेपणा मला ओळखीचा वाटतो. हे माझं अनुमान आहे, पण त्या कामात हयात घालवून केलेलं आहे.

बलराज सहानींनी त्याला बसमध्ये शोधून काढलं म्हणतात. नेमकं काय घडलं? – वाचक, नाशिक आणि सोलापूर

याच्या दोन हकिगती सांगितल्या जातात. एकीत तो बसमध्ये प्रवाशांना नकला करून हसवत असताना सहानींच्या नजरेला पडला. दुसरीत ‘हलचल’च्या सेटवर त्यांनी त्याला पाहिलं. तिथे तो गर्दीतल्या छोट्या कामासाठी आला होता. त्या काळात नट बलराज सहानी त्यांच्या राजकीय कामामुळे तुरुंगात होते. शूटिंगसाठी त्यांना परवानगी मिळत होती, आणि त्या सिनेमात त्यांची भूमिका होती जेलरची. मला दुसरी हकिगत जास्त पटते. सेटवर रिकामा वेळ फार, आणि रिकाम्या वेळात चार माणसं हसवणारा कोण हे लगेच कळतं.

पुढचं मात्र सगळे सारखंच सांगतात. सहानी तेव्हा गुरुदत्तसाठी ‘बाजी’ लिहीत होते. ‘बाजी’ काढणाऱ्या नवकेतन कंपनीच्या ऑफिसात येऊन दारुड्याची बतावणी कर, असं त्यांनी काझीला सांगितलं. तो आला, थेट गुरुदत्तच्या अंगचटीला गेला आणि वाटेल ते बरळायला लागला. ऑफिसातली माणसं हसत होती. आता याला बाहेर काढा म्हणायची वेळ आली तेव्हा सहानींनी खरं सांगितलं, आणि हा पठ्ठ्या क्षणात ताठ उभा राहिला. ते पाहून गुरुदत्तने त्याला ‘बाजी’त घेतलं आणि विलायती व्हिस्कीवरून त्याचं नाव ठेवलं जॉनी वॉकर.

‘बाजी’ 1951 साली लागला, आणि त्या वेळी मुंबईत दारूबंदी होती. ज्या शहरात बाटली उघडपणे मिळत नव्हती तिथे एक न पिणारा मुसलमान तरुण बाटलीचं नाव घेऊन पडद्यावर आला आणि घराघरांतल्या बायामुलांचा लाडका झाला. त्या नावाचा त्याला कधी कमीपणा वाटला नाही. 1957 साली तर त्याच नावाचा सिनेमा आला, आणि नायक तोच.

जॉनी वॉकर मुळात आमच्या इंदूरचा. मुंबईवाले त्याला सरसकट मुंबईचा करून टाकतात. तुमचं काय मत? – एक वाचक, इंदूर

तुमचा हक्क पहिला. त्याचे वडील इंदूरच्या मिलमध्ये कामाला होते. मिल बंद पडली आणि एवढं मोठं कुटुंब मुंबईला आलं. मुलाची शाळा सहावीतच सुटली. मग बर्फ विक, फळं विक, भाजी विक, कागद-पेन्सिली विक, असं पायपीट करत त्याने घर ओढलं, आणि शेवटी बेस्टची नोकरी लागली. बेस्टच्या नोकरीला त्या काळी काय मान होता ते आमच्या पिढीला विचारा. बांधलेला पगार, अंगावर गणवेश, घरात चूल पेटण्याची खात्री.

सिनेमाचं वेड मात्र इंदूरपासूनचं. नूर मोहम्मद चार्ली हा त्या काळचा मोठा विनोदी नट त्याचं दैवत होता. पडद्यावर पाहिलेल्या करामती हा पोरगा घरी करून बघायचा.

तेव्हा वेड तुमचं, पोट आमचं, असं वाटून घेऊ. आणि एक सांगतो. ‘सी.आय.डी.’मधलं ‘ऐ दिल है मुश्किल जीना यहाँ’ ऐकताना मला नेहमी त्याचे वडील आठवतात. मुंबईत जगणं किती अवघड आहे हे सांगताना गीतकार मजरूहने त्यात बिल्डिंगा, ट्राम, मोटारी यांच्या रांगेत मिलही घातली आहे. मिल बंद पडल्यामुळे या शहरात आलेला मुलगा ते गाणं म्हणतो आहे. ट्राम 31 मार्च 1964 ला शेवटची धावली, मिलचे भोंगेही गेले. गाणं मात्र आजही रोज कुठे ना कुठे लागतं.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. जुने सिनेमे मोबाईलवर बघतो आणि विनोदी नटाचा भाग आला की पुढे ढकलतो, कारण मूळ गोष्टीशी त्याचा काही संबंध नसतो. यात चुकीचं काय? – एक विद्यार्थी, लातूर

बऱ्याच सिनेमांबाबत तुझं बरोबर आहे. साठनंतर तर अशी पद्धतच पडली होती. नायक-नायिका एकीकडे, विनोदी जोडी दुसरीकडे, आणि दोघांची गाठ शेवटच्या रिळात. तो भाग तू खुशाल पुढे ढकल.

पण ‘प्यासा’ बघताना असं केलंस तर तुझ्या हातून सिनेमाच निसटेल. सिनेमाचा नायक, कवी विजय, मेला असं समजून त्याच्या कविता छापल्या जातात, नाव होतं, पैसा येतो. आणि तो जिवंत असल्याचं कळल्यावर काय होतं? सख्खे भाऊ ओळख द्यायला नकार देतात. (त्यातला एक भाऊ म्हणजे मेहमूद. पुढे विनोदाचा बादशहा झालेला हा माणूस इथे किती कोरडा दिसतो ते जरूर बघ.) मित्र म्हणवणारा उलटतो, प्रकाशक उलटतो. विजय वेड्यांच्या इस्पितळात अडकतो. तिथून त्याला बाहेर पडायला मदत कोण करतं? अब्दुल सत्तार. डोक्याला तेल चोळून पोट भरणारा मालिशवाला.

म्हणून ‘सर जो तेरा चकराए’ हे विरंगुळ्याचं गाणं नाही. गीतकार साहिरने त्यात मालिशवाल्याच्या तोंडी काय घातलंय ते ऐक. मालक असो की नोकर, पुढारी असो की जनता, त्याच्यासमोर सगळ्यांना डोकं झुकवावंच लागतं. ज्याच्या हाताखालून सगळ्या थरांतली डोकी जातात त्याला माणूस ओळखता येतो, आणि विजयला ओळखणारा तोच निघतो. हे गाणं सोडून पुढे गेलास तर शेवटी सत्तार का धावून येतो हे तुला कळणारच नाही.

गुरुदत्तच्या सिनेमांमधली त्याची कामं एका रांगेत लाव. ‘मिस्टर अँड मिसेस 55’मध्ये वर्तमानपत्राचा फोटोग्राफर, बेकार व्यंगचित्रकार मित्राला सांभाळून घेणारा. ‘सी.आय.डी.’त खिसेकापू, आणि खुनाच्या तपासाचा धागा त्याच्यापाशी येतो. बाहेरच्या सिनेमांतही तेच. बी. आर. चोप्रांच्या ‘नया दौर’मध्ये मुंबईहून खेड्यात आलेला पत्रकार. जवळपास प्रत्येक माणसाला धंदा आहे, हत्यारं आहेत, बोलायची स्वतःची धाटणी आहे. ‘प्यासा’ आणि ‘मिस्टर अँड मिसेस 55’चे संवाद अबरार अल्वीचे, रस्त्यावर बोलतात तसे. गुरुदत्त त्याला प्रसंग सांगायचा, संवाद द्यायचा आणि याहून बरं काही सुचलं तर कर म्हणायचा. तालमीत त्याने भर घातली की सेटवरचे लाइटबॉय, सहायक, कॅमेऱ्याची माणसं हसतात का, इकडे गुरुदत्तचं लक्ष. लोकांमधून उचललेलं लोकांनाच दाखवून तपासायचं. ही पद्धत मला फार मोलाची वाटते.

त्याची गाणी ऐकताना रफी वेगळाच वाटतो. तो खरंच आवाज बदलायचा का? – एक वाचक, डोंबिवली

बदलायचा, आणि किती प्रेमाने! रफीसाहेबांनी नायकांसाठी जेवढी मेहनत घेतली तेवढीच जॉनी वॉकरसाठी घेतली. आवाज थोडा नाकात, सूर हलका, शब्द चघळल्यासारखे, आणि मध्येच एखादा हेल असा की जॉनीच गातोय असं वाटावं. डोळे मिटून ‘जाने कहाँ मेरा जिगर गया जी’ ऐका. बारीक मिशीचा तो चेहरा आपोआप समोर येतो.

संगीतकार ओ. पी. नय्यरचाही यात मोठा वाटा. विनोदी नटाचं गाणं म्हणून त्याने चाल उरकली नाही. त्या काळच्या सिनेमात लोक त्याच्या गाण्याची वाट बघत, आणि निर्माते आवर्जून त्याच्यासाठी गाणं घालून घेत. बहुतेक ठिकाणी जोडीला गीता दत्त आहे. ‘ऐ दिल है मुश्किल’मध्ये तो शहराच्या नावाने तक्रार करतो आणि कुमकुम गीताच्या आवाजात त्याला उलट उत्तर देते. या उत्तरामुळे ते रडगाणं होत नाही.

‘आर पार’मधलं ‘अरे ना ना ना तौबा तौबा’ही ऐका. त्यात त्याच्यासमोर असलेली नूर ही नटी शकीलाची बहीण. त्याच सिनेमाच्या वेळी दोघांचं जुळलं आणि घरच्यांचा विरोध असताना लग्न झालं. ते शेवटपर्यंत टिकलं.

तुम्ही त्याची इतकी बाजू घेता, पण ‘कागज़ के फूल’मधला रॉकी तुम्हाला आवडतो का? – एक वाचक, कोल्हापूर

नाही. सिनेमा थोर आहे, कॅमेरा व्ही. के. मूर्तींचा आहे, पण घोड्यांच्या नादी लागलेला तो श्रीमंत मेहुणा त्या दुःखात उपरा वाटतो. जॉनी वॉकरने काम वाईट केलेलं नाही. त्याला धरायला काही दिलेलंच नाही. ज्याला कामधंदा नाही असा माणूस त्याच्याकडे आला की तो नुसता गमत्या उरतो. साठच्या दशकातल्या त्याच्या बऱ्याच भूमिकांचं मला हेच दुखणं वाटतं. चेहरा तोच, आवाज तोच, पण माणूस पोकळ. त्याचा दोष लिहिणाऱ्यांवर जातो.

त्याला पुरस्कार मिळाले का? – वाचक, सातारा

दोन फिल्मफेअर. बिमल रॉयच्या ‘मधुमती’तल्या चरणदाससाठी सहायक अभिनेता म्हणून, आणि 1968 च्या ‘शिकार’साठी विनोदी अभिनेता म्हणून. पहिला जास्त मोलाचा, कारण तिथे त्याला विनोदाच्या वेगळ्या पंगतीत न बसवता सगळ्या सहायक नटांमध्ये मोजलं.

एवढा चालणारा नट बाजूला का झाला? शेवटी हाल झाले का? बऱ्याच विनोदी नटांचे होतात म्हणून विचारते. – एक वाचक, बोरिवली

हाल झाले नाहीत, आणि हे लिहिताना मला मनापासून बरं वाटतं. ज्या धंद्यात कालचे राजे आज उसनवारीवर आले तिथे हा माणूस ताठ मानेने बाजूला झाला. त्याने पैसा सांभाळला, संसार केला, शाळा सहावीत सुटल्याची खंत धरून मुलांना अमेरिकेत शिकायला पाठवलं. बसच्या पिशवीत दिवसभराचा हिशेब पैशापर्यंत जुळवायची सवय माणसाला आयुष्यभर पुरते असं मला वाटतं. हिशेब कमी भरला तर तो आमच्या खिशातून जायचा.

बाजूला होण्याचं कारण त्याने स्वतः सांगितलं होतं. विनोद अंगविक्षेपांवर आणि अचकट-विचकट बोलण्यावर यायला लागला आणि त्याला तो करायचा नव्हता. आपल्या एवढ्या सिनेमांमधली एकही ओळ सेन्सॉरने कापली नाही याचा त्याला रास्त अभिमान होता. घरातली सगळी माणसं एकत्र बसून बघतील असंच काम करायचं, हा त्याचा नेम होता. ‘पहुँचे हुए लोग’ हा एक सिनेमा त्याने दिग्दर्शितही केला.

आणि मग 1997 चा ‘चाची 420’. कमल हासन आणि गुलज़ार यांनी गळ घातली आणि इतक्या वर्षांनी तो परत आला. नायकाला बाई बनवून देणारा म्हातारा मेकअपमन जोसेफ, आणि तोही पिणारा. पुन्हा एक कारागीर, पुन्हा हातात हत्यारं. ब्रश धरलेला तो हात बघा. म्हातारपणाने थरथरतोय, नशेने थरथरतोय आणि कामाला लागला की स्थिर होतोय. या तीन गोष्टी वेगवेगळ्या दाखवणं म्हणजे काय असतं ते आजच्या नटांनी बसून शिकावं. 29 जुलै 2003 ला तो मुंबईतच गेला.

आम्हाला आपल्या धुमाळांबद्दलही वाचायचंय. – वाचक, चिपळूण आणि मिरज

नक्की. मराठी रंगभूमीवरून हिंदीत गेलेला आणि मेहमूद-शुभा खोटे यांच्या जोडीला हुकमी उभा राहिलेला हा आपला माणूस एका सदराचा धनी आहेच. आजच्या विषयाला जोडून एवढंच सांगतो की गुरुदत्तच्या ‘साहिब बीबी और ग़ुलाम’मध्ये जॉनी वॉकर नाही. त्या हवेलीतला नोकर बन्सी धुमाळांनी केलाय. कमी बोलून, घरातल्या कानाकोपऱ्याची माहिती असलेला जुना चाकर त्यांनी कसा उभा केलाय ते पुढच्या अंकाआधी बघून ठेवा.

त्याचं काहीच पाहिलं नसेल तर सुरुवात कुठून करावी? – वाचक, ठाणे

आधी ‘मिस्टर अँड मिसेस 55’, कारण तो हलकाफुलका आहे आणि जॉनी त्यात सर्वांत मोकळा आहे. मग ‘सी.आय.डी.’, मग ‘प्यासा’. दारुड्याचं काम बघायचं असेल तर ‘मधुमती’मधलं ‘जंगल में मोर नाचा’, आणि त्याच बैठकीत ‘चाची 420’, म्हणजे मधल्या चाळीसेक वर्षांत त्याने काय काय सांभाळून ठेवलं ते दिसेल.

‘आनंद’ मात्र सुटा बघू नका. त्यातला त्याचा ईसाभाई सूरतवाला दोन घटकांचा आहे, पण आधीचा जॉनी वॉकर तुम्हाला माहीत असला तर तो कितीतरी जास्त लागतो. राजेश खन्नाचा आनंद रस्त्यात भेटेल त्याला ‘मुरारीलाल’ म्हणून हाक मारतो, लोक गोंधळतात. ईसाभाई हा एकटाच असा की ओळख नसताना तो उलट आनंदलाच ‘जयचंद’ करून टाकतो. अनोळखी माणसाची थट्टा पहिल्या झटक्यात झेलायची आणि तितक्याच प्रेमाने परत करायची, हे काम या माणसाने सिनेमात येण्याआधी बसमध्ये रोज केलं होतं. तो प्रसंग लागला की माझ्या घरी सगळ्यांनी बोलणं बंद करायचं असा दंडक आहे.

धुमाळांबद्दलचे प्रश्न महिनाअखेरपर्यंत पाठवा. ज्यांनी त्यांची नाटकं प्रत्यक्ष पाहिली असतील त्यांनी प्रश्न नाही, आठवणी लिहा. मला त्या हव्या आहेत.